सावली जुळेपर्यंत

भेगतात्यांना माणसांचे फोटो काढायला आवडत नसे. माणूस हलतो, ऐन वेळी डोळे मिटतो आणि फोटो दाखवला की आपण इतके जाड नाही म्हणून वाद घालतो. भिंत यातलं काहीच करत नाही. भिंत उभी राहते, आपण फोटो काढतो आणि तो जसाच्या तसा येतो, असं त्यांचं ठाम मत होतं. याच मताने पुढे त्यांचा घात केला.

तात्या मूळचे गवंडी. तीस वर्षं दगड रचले, मग गुडघ्यांनी हात टेकले. तेव्हा रस्ते आणि उतार सांभाळणाऱ्या कार्यालयाने त्यांना भिंतीवर नेमलं. भिंत साधीसुधी नव्हती. वरचा रस्ता आणि त्याच्या कडेची मातीची भर अडवून धरणारी, तीन पुरुष उंच, दगडी. तिच्या पायथ्याशी बारा घरांची ओळ, भिंतीकडे पाठ करून बसलेली. घरं आणि भिंत यांच्यामध्ये एक अरुंद बोळ. सातव्या घराच्या मागे भिंतीला एक जुनी भेग होती आणि ती वाढते की नाही हे बघून कळवायचं, एवढंच तात्यांचं काम. लोकांनी त्यांना भेगतात्या करून टाकलं. त्यांनीही ते मनाला लावून घेतलं नाही.

सातवं घर त्यांच्या लेकीचं होतं. जावई मालाच्या ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात लेक, तिची सासू आणि पाच वर्षांची नात. नातीला सगळे मुंगी म्हणत, कारण दिसेल त्या फटीत ती शिरायची. तिची खाट मागच्या खोलीत, बोळाच्या बाजूच्या खिडकीखाली. लग्न ठरताना लेकीने विचारलं होतं, "बाबा, एवढ्या मोठ्या भिंतीखाली राहायचं?" तात्या म्हणाले होते, "ती भिंत माझ्या नजरेखाली आहे. तू निर्धास्त जा." लेक गेली. बापाचा शब्द म्हटल्यावर तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

पूर्वी हे काम ओळंब्याने व्हायचं. दोरीला लोखंडी वजन बांधलेलं. दोरी सरळ खाली जाते आणि भिंतीचा वाकडेपणा उघडा पडतो. भिंतीच्या माथ्यावर पुढे काढलेला एक हूक होता. तात्या वरच्या रस्त्याने वळसा घालून जायचे, हुकाला दोरी सोडायचे, पुन्हा खाली उतरून छातीच्या उंचीवर दोरी आणि दगड यांच्यात हात घालून बघायचे. दोन वीत. दर महिन्याला दोन वीत.

मग कार्यालय सुधारलं. "तात्या, आता चढउतार नको," इंजिनिअरबाई म्हणाल्या. "दर आठवड्याला भेगेचा फोटो पाठवा, पुरे." तात्यांच्या गुडघ्यांनी त्यांना तिथल्या तिथे आशीर्वाद दिला. ओळंबा घरी खुंटीला लागला.

फोटो म्हणजे बटण दाबलं की झालं, असं समजणाऱ्यांपैकी मात्र तात्या नव्हते. बाजारात एक फोटोवाला होता. मोबाइल आल्यापासून त्याच्या दुकानात गिऱ्हाइकापेक्षा माश्या जास्त. तात्या महिनाभर रोज संध्याकाळी त्याच्या स्टुलावर जाऊन बसले आणि एकेक गोष्ट पदरात पाडून घेतली. आधी लेन्स पुसायची, कारण खिशातल्या मळातून कोणालाच नीट दिसत नाही. फ्लॅश बंद, समोरून उजेड मारला की भेगेची सावली मरते आणि खड्डासुद्धा सपाट दिसतो. उजेड बाजूने हवा, म्हणजे सकाळी आठचा. भेगेवर बोट दाबून धरायचं, म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच बांधले जातात, फोन आपल्या मनाने बदलत नाही. शेजारी छोटा सूर्य येतो, तो बोटाने जरा खाली ओढायचा. नाहीतर करडा दगड पांढराफटक पडतो. पडद्यावर चौकटीच्या रेघा चालू ठेवायच्या, दगडांच्या ओळी त्यांच्याशी समांतर धरायच्या. बटण दाबताना हात हलतो म्हणून दोन सेकंदांचा टायमर. आणि चेहरे गुळगुळीत करणारं जे काही असतं ते पहिल्यांदा बंद. "बारीक चिरा पुसून टाकतं ते," फोटोवाला म्हणाला. तात्यांना ते पटलं. भिंतीला नवरीसारखं नटवून करायचंय काय?

शेवटचा धडा त्यांना सगळ्यात आवडला. चिमटीने मोठं करायचं नाही, फोटो फाटल्यासारखा येतो. जवळून हवं तर जवळ जा, लांबून हवं तर मागे सरा. "झूम पायाने करायचं," हे वाक्य तात्यांनी इतक्यांना ऐकवलं की लेकीची सासू त्यांना बघितलं की म्हणायची, "आले बघा पायाने झूम करणारे." विहीणबाईंची जीभ तशी धारदारच.

सुरुवातीला तात्यांनी बोळाच्या फरशीवर पांढऱ्या रंगाने दोन पावलं काढली होती. तिथेच उभं राहायचं, तिथूनच फोटो. पुढे नाली दुरुस्त करताना ती फरशी उखडली गेली. पावलं परत रंगवायला हवी होती. पण नेमका त्याच आठवड्यात कार्यालयाने नवा फोन दिला आणि त्याची गरजच उरली नाही, असं सगळ्यांना वाटलं.

नव्या फोनमध्ये खास भिंतींसाठी केलेलं ॲप होतं. ते उघडलं की मागच्या आठवड्याचा फोटो पडद्यावर फिकट दिसायचा. तात्या त्याला सावली म्हणत. समोरची भिंत त्या सावलीवर बसवायची. दगडावर दगड, भेगेवर भेग. बसली नाही तर चौकट लाल आणि खाली अक्षरं: थोडे पुढे या, थोडे मागे या. बसली की चौकट हिरवी, मगच फोटो निघायचा. तो थेट कार्यालयात जायचा आणि तिकडचा कॉम्प्युटर जुना-नवा ताडून कळवायचा: बदल नाही.

या खेळात तात्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बाकीच्यांचे फोटो पाच-पाचदा परत यायचे, तात्यांचा पहिल्या फटक्यात हिरवा. शेवटी इंजिनिअरबाईंनी त्यांना मोठ्या कार्यालयात बोलावलं आणि ठिकठिकाणच्या भिंती बघणारी अकरा माणसं समोर बसवून म्हटलं, "यांना शिकवा." तात्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. लेन्स पुसण्यापासून सुरुवात करून त्यांनी दोन तास कोणाला जांभई देऊ दिली नाही. "फोनशी झटापट करायची नाही," ते म्हणाले. "फोन स्थिर, पाय हलते. सावली जुळेपर्यंत मागे सरा, जुळली की थांबा. पाय कुठे आहेत ते बघू नका, पडद्याकडे बघा." अकरा जणांनी वहीत लिहून घेतलं. निघताना तात्यांनी सगळ्यांचे नंबर एका कागदावर घेतले, अडलं तर विचारा म्हणाले. त्या दिवसाइतके खूश ते लेकीच्या लग्नातही नव्हते.

दर आठवड्याला, सकाळी आठ वाजता, तात्या बोळात उभे राहिले की मुंगी मागच्या दारातून धावत यायची. तात्यांची पाठ आणि घराची भिंत यांच्यात वीतभर फट राहायची. त्या फटीतून ती सुळकन पलीकडे जायची, पुन्हा अलीकडे यायची. तात्या लटकेच ओरडायचे, "हललो तर फोटो बिघडेल गं." ती हसत सुटायची. उन्हाळा सरता सरता ती तिरकी होऊन जायला लागली. मग पोट आत ओढून. मग एके दिवशी अर्ध्यातच अडकली आणि म्हणाली, "आजोबा, पुढे सरका ना."

"पुढे सरकलो तर चौकट लाल होते," तात्या म्हणाले. "तूच मोठी झालीस आता." घरात जाऊन त्यांनी तिला दाराच्या चौकटीशी उभं केलं, पेन्सिलीने खूण केली आणि लेकीला कौतुकाने दाखवली. दोन बोटं वाढली होती पोरगी. सगळ्यांना आनंद झाला.

त्याच सुमाराला बोळ कोरडा पडला. भिंतीत खालच्या बाजूला पाणी वाहून जायला भोकं ठेवलेली असतात. त्यांतून बारा महिने पाणी ठिबकायचं आणि बोळात शेवाळ व्हायचं. ते ठिबकणं थांबलं. बायका म्हणाल्या, बरं झालं, घसरायची भीती गेली. पाणी गेलं कुठे, हे कोणी विचारलं नाही. तात्यांनीही नाही, आणि तीस वर्षांच्या गवंड्याने तरी विचारायला हवं होतं. वरच्या रस्त्याकडेला त्या वर्षी आणखी भर टाकून गाड्या उभ्या करायला जागा केली होती. ती सगळी माती मागच्या मागे ओल पीत होती.

मग सकाळी बोळात दगडाचे कपचे सापडू लागले. नखाएवढे, कधी बोटाएवढे. विहीणबाई ते सुपलीत भरायच्या.

"व्याही, तुमची भिंत दात पाडतेय," एकदा त्या म्हणाल्या. या वेळी त्या हसत नव्हत्या.

लेकही कामातून वर बघत म्हणाली, "बाबा, परवा दुपारी आतून काहीतरी कुरकुरल्यासारखं आलं. मुंगी झोपली होती तिथे."

तात्यांनी खिशातून फोन काढला आणि दोघींना मध्ये बसवून आठ महिन्यांचे फोटो एकामागून एक सरकवून दाखवले. तेहतीस फोटो. बोट फिरत होतं आणि भेग जागची हलत नव्हती. केसभर रुंद झाली नव्हती, एक दगड इकडचा तिकडे नव्हता. "बघा," तात्या म्हणाले. "कपचे काय, उन्हाने पण सुटतात. भिंत बदलली असती तर इथे दिसलं असतं." लेकीचा चेहरा सैल झाला. विहीणबाईंनी सुपली उचलली आणि आत गेल्या. तात्यांना खरोखर वाटलं की आपण दोघींच्या मनातली भीती काढून टाकली.

चौतिसाव्या आठवड्यात ते नेहमीसारखे आठला आले. लेन्स पुसली, भेगेवर बोट दाबून धरलं, सूर्य जरा खाली ओढला. चौकट लाल. थोडे मागे या. ते मागे सरले. थोडे मागे या. आणखी सरले आणि त्यांची पाठ टेकली. गार, खरखरीत गिलावा सदऱ्यातून लागला. लेकीच्या घराची भिंत. चौकट अजून लालच होती. थोडे मागे या.

पहिला विचार इतका वेडगळ आला की त्यांना स्वतःचीच लाज वाटली: घर पुढे आलं की काय? तेवढ्यात डोक्यामागच्या खिडकीतून मुंगी म्हणाली, "आजोबा, आता मी कुठून जाऊ?"

घर पुढे आलं नव्हतं. त्यांनी फोन खाली केला, बोळाच्या टोकाला गेले, भिंतीला गाल लावला आणि एक डोळा मिटून तिच्या अंगाने बघितलं. कुठलाही गवंडी भिंत अशीच बघतो; त्यांनीही आयुष्यभर अशीच बघितली होती. फक्त गेले आठ महिने ते तिच्याकडे समोरून, पडद्यातून बघत होते. सातव्या घरामागे भिंतीने पोट काढलं होतं. भेग रुंद होत नव्हती, कारण भेगेच्या दोन्ही बाजू मिळूनच पुढे येत होत्या. भिंत आठवड्याला तांदळाच्या दाण्याएवढी पुढे यायची आणि तात्या तेवढेच मागे सरायचे, म्हणून फोटो जसाच्या तसा यायचा. कोणी ठरवूनही लपवलं नसतं इतक्या सफाईने त्यांनी स्वतः लपवलं होतं.

ते घरात गेले आणि म्हणाले, "मुंगीला घे आणि बाहेर नीघ. सासूबाईंनाही घे."

लेक पीठ मळत होती. "काय झालं?"

"भिंत येतेय."

"बाबा, मागच्या आठवड्यातच तर तुम्ही फोटो दाखवलेत," लेक म्हणाली. "तेहतीस दाखवलेत. काही नाही म्हणालात."

स्वतःच्या लेकीला आपण इतकं पक्कं फसवलंय की आता खरं सांगितलेलं तिला पटत नाही, हे त्यांना कळलं आणि रडू आलं. ते आपल्या खोलीवर गेले, खुंटीवरचा ओळंबा काढला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी वरचा रस्ता चढले. हुकाला दोरी सोडली. खाली आले तेव्हा लेक बोळात उभी होती, पिठाच्या हातांनी वजन हलकेच धरून. लहानपणी ती त्यांच्याबरोबर बांधकामावर जायची, तिथे हेच काम करायची.

"थांबलं, बाबा," ती म्हणाली, आणि वजन सोडलं.

तात्यांनी दोरी आणि दगड यांच्यात हात घातला. दोन वीत असायला हवं होतं. एक वीत भरली आणि अंगठा पुरता उघडायच्या आतच दगड लागला. लेकीने आपला हात घालून बघितला. ती घरात गेली, मुंगीला उचललं आणि सासूला म्हणाली, "आई, चपला घाला." विहीणबाईंनी सवयीप्रमाणे तोंड उघडलं, सुनेच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि चपला घातल्या.

तात्यांचा फोन वाजला. इंजिनिअरबाई होत्या. "तात्या, आजचा फोटो आला नाही अजून."

"जुळत नाही, मॅडम. भिंत पुढे आलीय."

"कॉम्प्युटर तर कधीच बदल दाखवत नाही. सगळ्यात चांगलं रेकॉर्ड तुमच्या भिंतीचं आहे. पुन्हा एकदा नीट जुळवून बघा ना."

"मॅडम, ते ॲप बंद करून साधा कॅमेरा लावतो. एक फोटो पाठवतो, तो बघा," तात्या म्हणाले.

या वेळी ते समोर उभे राहिले नाहीत. बोळाच्या टोकाला, भिंतीच्या अंगाला लागून, जमिनीवर बसले. लेन्स पुसली. बोट भेगेवर नाही, दोरीवर दाबून धरलं. सूर्य इतका खाली ओढला की दगड काळे पडले आणि पांढरी दोरी उठून दिसली. पडद्यावरची उभी रेघ दोरीवर बसवली. दोन सेकंद श्वास रोखला. फोटोत दोरी सरळ होती, रेघ सरळ होती, आणि त्यांच्या बाजूला भिंत पोटुशी बाईसारखी पुढे आली होती. इतका खरा फोटो तात्यांनी त्यापूर्वी कधी काढला नव्हता.

अर्ध्या तासात इंजिनिअरबाई स्वतः आल्या. टेप लावला, पुन्हा लावला, आणि थेट पहिल्या घराचं दार ठोठावलं. दुपारी बारापर्यंत बाराही घरं रिकामी झाली. लोक गाद्या-भांडी घेऊन रस्त्यापलीकडच्या गोदामाच्या छपराखाली बसले आणि कुरकुरत राहिले. एक म्हातारा तात्यांना तोंडावर म्हणाला, "तुम्हीच म्हणत होतात ना, काही नाही?" तात्यांनी मान खाली घातली.

दीड वाजता भिंत आली. पडली असं म्हणवत नाही, कारण ती आधी आडवी झाली नाही. पोटातून फुटली आणि तिच्यामागची ओली माती सातव्या घरातून पुढच्या रस्त्यापर्यंत चालत आली. आवाज बराच वेळ टिकला. धूळ बसल्यावर सगळ्यांनी एकमेकांची डोकी मोजली. सगळी होती. मागच्या खोलीच्या जागी दगडांचा ढीग होता आणि त्यात मुंगीच्या खाटेचा एक पाय उभा दिसत होता. लेकीने बापाचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. विहीणबाई म्हणाल्या, "व्याही, आज तुमच्यामुळे वाचलो." तात्यांना ते शब्द सोसवले नाहीत.

"नशीब, तुम्हाला वेळेवर लक्षात आलं," इंजिनिअरबाई म्हणाल्या. "नाहीतर आमच्याकडे सगळं हिरवंच दिसत होतं. सगळ्याच भिंतींचं हिरवं आहे."

तात्यांनी त्यांच्याकडे बघितलं. सगळ्याच भिंती. मग त्यांना तो दिवस आठवला, इस्त्रीचा सदरा आठवला आणि खाली मान घालून लिहिणारी अकरा माणसं आठवली. त्यांनी पाकिटातला कागद काढला. घडीवर फाटलेला होता, पण नंबर वाचता येत होते. पहिला नंबर दोनदा चुकला.

पहिल्याची भिंत मोकळ्या मैदानात होती, मागे कोणाचं घरच नाही. दुसऱ्याने सांगितलं, अजून हातभर जागा आहे. तात्या म्हणाले, आत्ताच्या आत्ता ओळंबा सोडून बघ. तिसऱ्याचा फोन लागला नाही. त्यांनी पुन्हा लावला, नाही लागला. मग चौथा लावला. हा त्या वर्गातला सगळ्यात मन लावून ऐकणारा माणूस, दर महिन्याला आपला हिरवा फोटो तात्यांना कौतुकाने पाठवणारा.

"तात्या, तुमचीच आठवण काढत होतो," तो म्हणाला. "आज जरा अडलं होतं. मागे सरायला जागाच संपली, पाठ टेकली बघा. मग तुम्ही सांगितलेलं आठवलं, सावली जुळेपर्यंत मागे; म्हटलं पाय नाही तर फोन थोडा छातीशी धरावा. जुळली सावली. हिरवा गेला."

"पाठ कशाला टेकली?" तात्यांनी विचारलं. "तुझ्या मागे काय आहे?"

"काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला," तो म्हणाला. "इथे शाळेची मधली सुट्टी झालीय, पोरांच्या गोंगाटात काही ऐकू येत नाही."